निवळलेले पाणी निर्मळ असते काय?
पंचगंगेचा गाळ आणि पाणथळीची औषधी द्रव्ये

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायाचा उपदेश नदीकाठी झालेला आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरीत, ग्रीष्माच्या अखेरीस, गंगातीरीच्या वनातून शिष्यांसह विहार करीत असता भगवान पुनर्वसु आत्रेयांनी अग्निवेशास सांगितले, की भूमी विरस होण्यापूर्वी औषधी द्रव्ये काढून ठेवावीत. एकदा भूमी बिघडली की द्रव्यांचे रस, वीर्य, विपाक व प्रभावही बिघडतील. त्यानंतर वायू, उदक, देश व काल या चार भावांच्या विकृतीचे विवेचन येते. हा अध्याय आपण साथीच्या रोगांच्या संदर्भात शिकतो व शिकवितो. परंतु त्याचा आरंभ रोग्यापासून होत नसून औषधापासून होतो, ही गोष्ट बहुधा आपल्या नजरेतून सुटते. पाणी आणि भूमी दूषित झाली तर त्याची झळ रोग्याबरोबर वैद्याच्या खलबत्त्यालाही लागते, हा त्यातील इशारा आहे.

या इशाऱ्याचा विचार आम्ही या लेखात एका नदीच्या संदर्भात करणार आहोत. कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगा ही ती नदी होय. तिच्या खोऱ्यात व्यवसाय करणाऱ्या आम्हा वैद्यांना ती रोजच्या परिचयाची आहे. आणि सखल प्रदेशातील संथ नद्यांचे जे प्रश्न देशभर दिसतात, ते सारे तिच्या जेमतेम ऐंशी किलोमीटरच्या प्रवाहात एकत्र पाहावयास मिळतात.

सुश्रुतांचे सहा जलदोष

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, द्रवद्रव्यविधी अध्यायात, पाण्याचे सहा दोष सांगितले आहेत: स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य आणि विपाक. पाण्याचा खरखरीतपणा व बुळबुळीतपणा हा स्पर्शदोष. चिखल, वाळू, शेवाळ आणि नाना प्रकारचे रंग हा रूपदोष. व्यक्त रस हा रसदोष आणि अप्रिय वास हा गंधदोष. हे चार दोष इंद्रियांनी कळतात. उरलेल्या दोहोंचे तसे नाही. पाणी प्याल्यावर तृष्णा, गौरव, शूल उत्पन्न होणे हा वीर्यदोष. ते उशिरा पचणे वा विष्टंभ करणे हा विपाकदोष. म्हणजे हे दोन दोष डोळ्यांना, नाकाला वा जिभेला कळत नाहीत. ते शरीरावरील परिणामातूनच कळतात.

ही विभागणी आम्हांस फार मोलाची वाटते. दिसायला स्वच्छ, चवीला निर्दोष आणि वास नसलेले पाणीही दुष्ट असू शकते, हे शास्त्रकारांनी मान्य करून ठेवले आहे. याच अध्यायात शीघ्र वाहणाऱ्या, निर्मळ नद्यांचे जल लघू आणि शेवाळाने आच्छादलेल्या, गढूळ, मंद वाहणाऱ्या नद्यांचे जल गुरू म्हटले आहे. नदीचा वेग हा पाण्याच्या गुणाचा एक निकष ठरविला गेला, आणि आजचे जलशास्त्रही नेमके तेच सांगते.

नदी मंद कशी झाली

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या सह्याद्रीच्या नद्या व पाचवी गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखली येथे पंचगंगा होते, आणि नृसिंहवाडीस ती कृष्णेला मिळते. पश्चिमेस गगनबावड्याकडे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पूर्वेस शिरोळकडे तो साधारणपणे त्याच्या दशांशाच्या आसपास येतो. डोंगरातून वेगाने उतरलेले पाणी कोल्हापूरच्या पुढे जवळजवळ सपाट प्रदेशात येते व त्याची गती मोडते. त्यातच कृष्णेला पूर असला की संगमापासून मागे फुगवटा येतो आणि पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर दिवसेंदिवस तुंबून राहते. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे; २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी तेथे ५५ फुटांच्या पुढे गेले होते.

पाणी तुंबले की त्यातील गाळ खाली बसतो. पूरपट्ट्यातील काळी पोयट्याची जमीन अशा हजारो पुरांनी घडविलेली आहे, आणि तिच्या सुपीकतेचे रहस्य याच गाळात आहे. पूर हा एरवी नदीचा दोष नव्हे. ते तिचे कार्य आहे. प्रश्न आहे तो आज त्या गाळाबरोबर काय येते, हा.

पावसाळा संपला की दुसरा अध्याय सुरू होतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे घातले जातात आणि वाहती नदी अनेक लांबट डोहांच्या मालिकेत रूपांतरित होते. शेतीला या पाण्याचा आधार मोठा आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु सुश्रुतांच्या भाषेत सांगायचे तर शीघ्रवहा नदी वर्षातील सात-आठ महिने मंदगा होते.

गाळात काय असते, पाण्यात काय असते

नदीत येणारी पोषकद्रव्ये प्रामुख्याने दोन: नत्र आणि स्फुरद. ती शेतातील खतांतून, गावाशहरांच्या मैल्यातून व उद्योगांच्या सांडपाण्यातून येतात. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र व १७० किलो स्फुरद देण्याची शिफारस आहे. प्रत्यक्षात कित्येकदा त्याहून अधिक दिले जाते. त्यातील मोठा भाग पिकाच्या उपयोगी पडत नाही. कोल्हापूर शहराचा जयंती नाला आणि इचलकरंजीचा काळा ओढा यांतून नदीत काय मिसळत आले, हे येथील लोकांस सांगण्याची आवश्यकता नाही. मैलाशुद्धीकरण केंद्रांनी पाण्यातील सेंद्रिय भार कमी होतो व अहवालातील बीओडीचा आकडा उतरतो. मात्र नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रातून नत्र व स्फुरद पूर्णतः निघत नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी.

या दोन द्रव्यांचा स्वभाव अगदी भिन्न आहे. स्फुरद चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना व त्यांवरील लोहाच्या थराला चिकटून बसते, म्हणून ते गाळाबरोबर प्रवास करते व गाळाबरोबरच तळाशी बसते. शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातूही बहुतांशी अशाच सूक्ष्म कणांच्या आश्रयाने राहतात. (फॉस्फेट खतात खनिजापासून आलेले कॅडमियम अल्प प्रमाणात असते, हेही येथे नमूद करावयास हवे.) नत्राचे नायट्रेट मात्र पाण्यात पूर्ण विरघळते. ते गाळाबरोबर बसत नाही. पाण्यासह पुढे जाते किंवा जमिनीत मुरून विहिरीत उतरते.

तळाशी बसलेले स्फुरद तेथे कायमचे बांधले गेले, असेही समजू नये. डोहाच्या तळाशी कुजकट पदार्थ साचले की ते पाण्यातील प्राणवायू संपवितात. प्राणवायू संपला की लोहाचे रूप पालटते आणि त्याने धरून ठेवलेले स्फुरद सुटून पुन्हा पाण्यात येते. म्हणजे वरून येणारी घाण आज थांबविली, तरी तळाचा गाळ पुढे कित्येक ऋतू जलपर्णीला पोसत राहू शकतो. धातूंच्या मर्यादा ओलांडलेल्या रुग्णाप्रमाणे नदीचेही आहे. अपथ्य बंद केल्याबरोबर संचित दोष नाहीसे होत नाहीत.

शरदातील विपरीत

शरद ऋतूत अगस्त्योदयाने निर्विष झालेल्या, दिवसा सूर्याने तापलेल्या व रात्री चंद्राने शीतल झालेल्या हंसोदकाची चरकांनी प्रशंसा केली आहे. पावसाळ्यातील गाळ खाली बसून पाणी नितळ होते, हा या वर्णनाचा प्रत्यक्ष आधार आहे. आणि वाहत्या, अल्पभार नदीविषयी ते आजही खरे ठरेल.

आज मात्र नेमक्या याच काळात एक विपरीत घडते. वर्षाकाळात पाण्यात पोषकद्रव्ये भरपूर असतात, पण गढूळपणामुळे सूर्यप्रकाश आत शिरत नाही आणि प्रवाह वेगवान असतो. म्हणून शेवाळ वाढू शकत नाही. शरदात गाळ बसतो, प्रकाश खोलवर पोहोचतो, बर्ग्यांमुळे पाणी थांबते आणि विरघळलेले नत्र-स्फुरद तसेच राहते. शेवाळ व जलपर्णी यांना याहून अनुकूल स्थिती कोणती? पुढे ग्रीष्मापर्यंत तेरवाडसारख्या बंधाऱ्यापाशी हिरवा गालिचा पसरलेला दिसतो. ही वाढ कुजू लागली की प्राणवायू घटतो आणि मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो. जलचर व पक्षी सोडून गेलेले जल, हे चरकांनी सांगितलेल्या दूषित उदकाच्या लक्षणांपैकी एक आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

तात्पर्य, पाणी निवळणे आणि निर्मळ होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निवळण्याने पहिल्या चार दोषांपैकी काही जातात. उरलेले दोन जसेच्या तसे राहू शकतात, किंबहुना निवळण्यामुळेच पुढील बिघाडास वाट मिळते.

निवळी, तुरटी आणि अग्निसंस्कार

गढूळ पाण्याच्या प्रसादनासाठी सुश्रुतांनी सात साधने सांगितली: कतक, गोमेदक, बिसग्रंथी, शैवालमूल, वस्त्र, मोती व मणी. कतक म्हणजे आपली निवळी. तिच्या बीमधील प्रथिने व बहुशर्करा यांच्या योगाने पाण्यातील सूक्ष्म कण एकमेकांस चिकटतात, जड होतात व तळाशी बसतात. तुरटीचे कार्यही याच जातीचे. गाळाच्या कणांवर बसलेले स्फुरद, काही धातू व पुष्कळसे जंतू त्यांच्यासह खाली जातात. हा लाभ थोडा नव्हे. परंतु विरघळलेल्या नायट्रेटला निवळीही धरू शकत नाही आणि तुरटीही.

अग्निसंस्काराचे मोल याहून मोठे आहे. २०१२ साली इचलकरंजीत कामलेची जी साथ आली, ती दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई या विषाणूची होती. अशा प्रसंगी शृतशीत जल हाच रुग्णाचा व कुटुंबाचा खरा आधार होय. गर्भिणीच्या बाबतीत तर हा आजार प्राणघातक ठरू शकतो, म्हणून तेथे लेशमात्र हयगय नको. परंतु उकळण्याने जंतू मरतात, क्षार मरत नाहीत. नील-हरित शेवाळातील काही जाती यकृताला बाधक असे विष निर्माण करतात, तेही केवळ उकळण्याने नष्ट होत नाही. आणि पाणी आटते तसे त्यातील न उडणारे द्रव्य अधिक दाट होते.

औषधनिर्मात्यांनी येथे क्षणभर थांबून हिशेब करावा. शार्ङ्गधरोक्त विधीप्रमाणे द्रव्याच्या सोळा पट पाणी घालून अष्टमांश उरेतो आटविले, तर ५० मिलिलिटर क्वाथाच्या मात्रेत ४०० मिलिलिटर मूळ पाण्यातील विद्राव्य द्रव्ये उतरतात. (काही धातू चोथ्यात अडकतात, हे खरे, नायट्रेटला तशी अटक नाही.) भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. मर्यादेवर असलेल्या पाण्याचा क्वाथ दिवसातून दोनदा दिला तर ३६ मिलिग्रॅम नायट्रेट औषधातून जाते. प्रौढास हा भार भयावह नाही. पण विहिरीच्या पाण्यात मर्यादेच्या तिप्पट नायट्रेट असेल आणि रुग्ण घरीही तेच पाणी पीत असेल, तर हा विचार टाळता येणार नाही. सहा महिन्यांच्या आतील बालकास तर असे पाणी अत्यंत घातक. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने क्षीण होते. घन, अवलेह यांत पाणी याहून अधिक आटते, हे सांगणे नलगे.

काठावरची द्रव्ये

नीरब्राह्मी, मंडूकपर्णी, वेखंड, नागरमोथा, माका, तालीमखाना, कमळ: ही सारी पाणथळीत वा ओलसर काठावर वाढणारी द्रव्ये आपल्या नित्य वापरातील आहेत. पूरपट्ट्यातील पाणथळी नदीचे मोठे शोधनकार्य करतात. तेथील वनस्पती गाळ अडवितात, नत्र-स्फुरद शोषतात. त्यांच्या मुळांशी असलेल्या प्राणवायूरहित चिखलातील जीवाणू नायट्रेटचे रूपांतर निरुपद्रवी नत्रवायूत करतात. या पाणथळी भराव टाकून बुजविल्या की नदीचे हे शोधनस्थानच नाहीसे होते.

परंतु याच गुणात आपल्यासाठी एक संकटही दडलेले आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील संशोधकांनी नीरब्राह्मी पाण्यातील तांबे व कॅडमियम शोषून घेते, असे १९९० च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. पाणी स्वच्छ करण्यासाठी या वनस्पतीचा उपयोग व्हावा, हा अशा संशोधनाचा हेतू. आम्हांस मात्र त्यातून निराळाच प्रश्न पडतो. जी वनस्पती नाल्याचे पाणी शुद्ध करते, तिचाच स्वरस मेध्य रसायन म्हणून बालकास द्यावा काय? भूमिप्रविभागाच्या अध्यायात सुश्रुतांनी औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी व कोणत्या भूमीतून घेऊ नये, याचा इतका बारकाईने विचार का केला, ते अशा वेळी उमगते.

हा केवळ तात्त्विक प्रश्न नाही. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचा अहवाल डिसेंबर २००४ मध्ये तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर केवळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची करण्यात आली. वनस्पतिद्रव्यांसाठी मर्यादा अशा: शिसे दशलक्षांश १०, सोमल ३, पारा १ आणि कॅडमियम केवळ ०.३. रसौषधींविषयीचा वाद वेगळा. पण ज्या चूर्णात धातू घातलाच नाही, त्यात तो कोठून आला, असे कोणी विचारले तर काठावरच्या चिखलाकडेही बोट जाऊ शकते. निर्यातीच्या मालाला जी कसोटी, ती आपल्या गावच्या रुग्णास का नसावी?

आपल्या हाती काय आहे

नदी सुधारणे एकट्या वैद्याच्या हाती नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदविले, त्यांत महाराष्ट्राचे ५३ होते. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा मात्र ५५ झाला. तरीही काही गोष्टी सर्वस्वी आपल्या अधिकारातील आहेत.

पहिली, पाण्याची परीक्षा. औषध निर्मितीसाठीचे पाणी शुद्ध व पिण्यायोग्य असावे, असे अनुसूची टी सांगते. वर्षातून किमान दोनदा, पाणी उतरल्यावर वैशाखात आणि पूर ओसरल्यावर आश्विनात, नायट्रेट, एकूण विद्राव्य क्षार, गढूळपणा व जंतू यांची तपासणी करून घ्यावी. जड धातूंची वर्षातून एकदा. विद्राव्य दोष आढळल्यास निवळीवर वा उकळण्यावर विसंबू नये. स्रोत बदलावा किंवा क्षार काढणारी यंत्रणा बसवावी.

दुसरी, द्रव्याचे मूळस्थान. वेखंड किंवा नागरमोथा खरेदी करताना आपण वास पाहतो, जाडी पाहतो, भाव पाहतो; कोणत्या ओढ्याकाठचा, हे विचारीत नाही. शहराच्या खालच्या अंगाचा, सांडपाण्याच्या मुखाजवळचा किंवा बंधाऱ्याच्या साचलेल्या फुगवट्यातील माल घेऊच नये. ब्राह्मी व मंडूकपर्णी यांची विहिरीच्या तपासलेल्या पाण्यावर वाफ्यात लागवड करणे अवघड नाही, आणि स्वरसासाठी ताजी पाने घ्यावयाची असतील तर हाच मार्ग श्रेयस्कर. मुळे व कंद मात्र वाळविण्यापूर्वी धुतले गेले पाहिजेत, कारण चिकटलेली चिकणमाती हीच धातूंची वाहक असते. अम्लात न विरघळणाऱ्या राखेचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, तर माल परत करावा. हा आकडा वनस्पतीबरोबर किती माती आली, ते सांगतो.

तिसरी, पुरानंतरचा साठा. पुराच्या पाण्यात बुडालेले चूर्ण वा काष्ठौषधी उन्हात वाळवून पुन्हा डब्यात भरण्याचा मोह आर्थिक हानीच्या प्रसंगी होणे स्वाभाविक आहे. पण त्या पाण्यात मैला, कीटकनाशके, तेल, सारे काही असते, आणि बुरशीचे विष उन्हाने जात नाही. असा साठा नष्टच केला पाहिजे. पूरपट्ट्यातील दुकानदारांनी आषाढापूर्वी माल वरच्या मजल्यावर हलवावा व विम्याची कागदपत्रे पाहून ठेवावीत.

चौथी, रुग्णपरीक्षा. महापुरानंतर चिखल्या, कंडू, अतिसार, ज्वर यांचे रुग्ण आमच्या दवाखान्यांत येतात, तेव्हा आपण दोष-दूष्य पाहतो. देशपरीक्षेत मात्र गावाच्या नावापलीकडे जात नाही. पाणी नळाचे की विहिरीचे, विहीर उसाच्या फडात आहे काय, घरात तान्हे मूल आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारण्यास अर्धा मिनिट पुरतो. एकाच वस्तीतून कामलेचे तीन रुग्ण आले तर आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावे. साथ प्रथम कळते ती बहुधा गावच्या वैद्याला.

या चारही गोष्टींना खर्च थोडा आहे; सवय मात्र नवी लावावी लागेल. आम्ही आरंभ अगदी लहान ठिकाणी करण्याचे सुचवितो. प्रत्येक औषधालयाच्या खरेदीवहीत द्रव्याचे नाव, वजन व दर यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा, 'कोणत्या गावची, कोणत्या पाण्यावरची', आणि तो रिकामा राहिल्यास माल उतरवून घेऊ नये. दोन-तीन वर्षांत संग्राहक व व्यापारी आपण होऊन ही माहिती देऊ लागतील, आणि आपल्या पाणथळींपैकी कोणत्या अजून औषधयोग्य उरल्या आहेत याची एक विश्वसनीय नोंद व्यवसायबंधूंच्या हाती येईल.